लेखाशीर्ष : टपाल

एकोणतीस मार्चला, संध्याकाळी पावणेसहाला
सांगलीहून फोन :
मॅडम, तुमच्या जत कार्यालयाला अनुदान आलंय,
एक्केचाळीस हजार तीनशे.
परवापर्यंत खर्ची टाका, नाहीतर परत जाईल.

मी खुर्चीत सरळ बसले.
(खुर्चीचा एक हात गेलाय, त्यामुळे
सरळच बसावं लागतं.)
मनात यादी सुरू झाली, लग्नघरासारखी :
टोनर, कागदाची रिमं, साक्षीदारांना टेकायला बाक,
आणि दुभाषी.
आधी दुभाषी.

पलीकडून साबळे भाऊसाहेब म्हणाले,
लेखाशीर्ष टपाल आहे हां.
फक्त टपाल.

*

उमदीकडचे साक्षीदार कानडी बोलतात.
शाळा कानडी, शिव्या कानडी, रडणंही.
चार वर्षं मी वर लिहितेय :
दुभाष्याला मानधन द्या, तारखेला तीनशे रुपये.
चार वर्षं उत्तर येतंय :
सदर बाब मंजूर तरतुदीत बसत नाही.
म्हणून पैरवीचे हवालदार ढोबळे उभे राहतात.
त्यांची सासुरवाडी इंडीची,
त्यामुळे त्यांना कानडी येतं
असं आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलंय.

गंगव्वा बिरादार, वय अंदाजे पंचावन्न,
शपथेवर सांगत होती :
डाळिंबाच्या क्रेटांनी भरलेला टेम्पो,
पोरगा सायकलवर, कडेनं,
कडेनंच.
टेम्पोचा रंग?
ती एक शब्द बोलली.
ढोबळे म्हणाले, काळा.
फेरतपासणीत मी पुन्हा विचारलं,
ढोबळे पुन्हा काळा.
आरोपीच्या वकिलांनी लाल टेम्पोचा पंचनामा
दोन बोटांत धरून वर केला,
वाळत घालावा तसा.

निकालाच्या दिवशी ती माझ्या टेबलापाशी आली.
दप्तर बांधलेलं होतं.
त्या खारव्याच्या फडक्यावर बोट ठेवून म्हणाली,
केंपू.
मग कानामागची एक बट पुढं ओढली,
पांढरी व्हायची राहून गेलेली :
कप्पू.
केंपू. कप्पू.
बालवाडीतल्या पोरीला शिकवतात तसं मला,
अजिबात न चिडता.
मग साडेतीनची उमदी गाडी होती.

*

तीस मार्चला पोस्टात गेले.
मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला : सगळ्यांची तिकिटं?
सगळ्यांची.
मागं पिशवी धरून ढोबळे, खाली बघत.
त्यांना मी काही बोलले नाही.
त्यांचा पगार पैरवीचा आहे, भाषेचा नाही.

आता कपाट उघडलं की गोंदाचा वास येतो.

अपील करायचं तर प्रस्ताव वर जावा लागतो,
वरून आणखी वर.
पाठवला. त्यात लिहिलं :
दोन शब्दांत एका मात्रेचं, एका अनुस्वाराचं अंतर होतं,
ते ओलांडायला तीनशे रुपये लागले असते.
मग स्मरणपत्र एक. स्मरणपत्र दोन.
दर सोमवारी, रजिस्टर, पोचपावतीसह.

परवा साबळे भाऊसाहेबांचा फोन :
मॅडम, एवढं टपाल कशाला, ईमेल आहे की.
मी म्हटलं, ईमेलचं लेखाशीर्ष आलं नाही.
ते थोडा वेळ गप्प.
मग हळूच : चौथ्या मजल्यावर पाठवत जा,
तिसऱ्यावर कुणी उघडत नाही.

आज अकरावं.
एक प्रत दरवेळी उमदीलाही जाते.
कानडी शाळेतले गुरुजी तिला वाचून दाखवतात म्हणे,
फुकट.
आणि ती दरवेळी विचारते,
आता तरी रंग बरोबर लिहिलाय का.

लिहिलाय, गंगव्वा.
जीभ कोरडी पडते चिकटवताना.
तिकिटं अजून पुष्कळ आहेत.